चौथा रकाना

शिरोळ तालुक्यातल्या एका छोट्या शहरात तालमीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ओढलेली एक तांबडी रेघ होती. रेघेखाली लिहिलं होतं : 'महापूर २००५'. पुढची चौदा वर्षं त्या गल्लीचा सगळा शहाणपणा त्या रेघेत होता. घर बांधताना जोतं रेघेच्या वर घ्यायचं. पावसाळ्यात धान्याची पोती रेघेच्या वर ठेवायची. ज्याचा उंबरा रेघेच्या वर त्यानं निवांत झोपायचं.

पंचगंगा आणि कृष्णा नृसिंहवाडीला एकमेकींना मिळतात. तिथून हे शहर लांब नाही. इथला पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा अंगावर येत नाही, तो चढतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. तिकडं कोयना धरणातून सोडलेलं पाणी कृष्णेतून खाली येतं. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला शिरायला जागा उरत नाही आणि ती मागं मागं फुगत जाते. मुलूख सपाट. आधी मळीतला ऊस बुडतो, मग पाणंद, मग रस्ता, मग गल्ली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली, की इथल्या माणसाला कळतं, आता एक-दोन दिवसांत आपली पाळी. विचार करायला वेळ मिळतो. माझ्या मते या वेळेनंच इथल्या माणसांचा सर्वांत जास्त घात केला आहे. हाताशी वेळ असला की माणूस थांबण्याचे हिशेब मांडत बसतो.

तालमीच्या मंडळात एक पोरगा खजिनदार होता. गणपतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला खजिनदार म्हणूनच हाक मारायची. आईसुद्धा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबेना, तेव्हा मंडळानं लोकांना हलवायचं काम अंगावर घेतलं आणि वही आपोआप खजिनदाराच्या हातात आली. त्यानं ती नीट आखली. तीन रकाने : घरमालकाचं नाव, माणसं किती, मोबाइल नंबर. अक्षर सुरेख, आकडे सरळ एका रेषेत. नगरपालिकेच्या साहेबांनीही ती वही पाहून पाठ थोपटली.

६ ऑगस्टच्या संध्याकाळी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून पोरं गल्लीत शिरली. गणपतीचा भोंगा ट्रॉलीवर बांधलेला. "पाणी वाढतंय, सगळ्यांनी शाळेत चला. लहान पोरं, म्हातारी माणसं आधी." बरीच घरं निघाली. बायकांनी डोक्यावर गाठोडी घेतली, पुरुषांनी गॅसची टाकी माळ्यावर चढवली, दाराला कुलूप घातलं. पोरांनी पाच-सहा फेऱ्या केल्या. घसा बसला, कपडे भिजून अंगाला चिकटले, पण काम होत होतं.

सात घरं मात्र हलेनात.

खजिनदारानं आधी समजावलं, मग विनवलं, मग तो चिडला. "आक्का, जीव जास्त झालाय का?" असंही तो एका म्हातारीला म्हणाला. आक्का काही बोलली नाही, नुसती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कोपऱ्यावरचे अण्णा म्हणाले, "दोन हजार पाचला माझ्या पायरीला बी पाणी लागलं नव्हतं. तू तवा शेंबडा होतास." अण्णांचं खरं होतं. त्यांचा उंबरा रेघेच्या वीतभर वर होता.

अंधार पडत होता, ट्रॅक्टरवाला घाई करत होता. खजिनदारानं सातही घरांच्या नावांपुढे 'नकार' लिहिलं आणि शेजारी सह्या घेतल्या. 'आमच्या जबाबदारीवर थांबत आहोत.' ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे घेतले. परत जाताना त्याचं मन हलकं होतं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि तसं कागदावर आहे.

त्या पोराला मी दोष देत नाही. तो दोन रात्री झोपलेला नव्हता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही सह्याच घेतल्या असत्या.

७ तारखेला पाण्यानं रेघ गाठली. दुपारी ती दिसेनाशी झाली.

८ तारखेच्या पहाटे गल्लीत ट्रॉली जाण्यासारखी राहिली नव्हती. लष्कराच्या, एनडीआरएफच्या बोटी सांगली-कोल्हापूरकडं गावोगाव फिरत होत्या. त्या इथंही येणार होत्या, पण कधी ते कुणालाच सांगता येईना. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडलेला. तेव्हा पोरांना आठवण झाली ती नावाडीमामांची. पूल होण्याआधी मामा नदीवर नाव चालवायचे. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे धरलेले, पण नाव अजून परसात पालथी घातलेली होती आणि दरवर्षी मामा तिला डांबर लावायचे. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "नदी काय म्हातारी झाली न्हाई."

नाव पाण्यात घातली. खजिनदार वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढं बसला. मामांनी एकदा वही मागून घेतली आणि डोळ्यांजवळ धरून सातही नावं वाचली.

"हितं 'नकार' लिवलंयस."

"होय मामा. सह्या बी हायत."

"का नकार, ते कुठं लिवलंय?"

खजिनदारानं वही उलटीपालटी केली. तसा रकानाच नव्हता.

मामा पुढं काही बोलले नाहीत. त्यांनी बांबू रोवला आणि नाव गल्लीत घातली.

पहिलं घर आक्काचं. आक्का माळ्याच्या खिडकीत बसलेली, खाली जोत्याला पाणी लागलेलं. खजिनदार ओरडणार, इतक्यात मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः हाक घातली, "आक्का, काय राह्यलंय गं?"

नुसता एवढाच प्रश्न. परवा संध्याकाळपासून भोंग्यावरून इतकं बोलणं झालं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आक्काच्या डोळ्यांना धार लागली. "म्हस हाय मामा. गाभण हाय, आज-उद्या व्यायची. ट्रॉलीत माणसंच घ्या म्हणत होती पोरं. तिला दाव्याला सोडून मी कुठं जाऊ?"

मागच्या गोठ्यात म्हैस पोटापर्यंत पाण्यात उभी होती आणि हंबरून हंबरून तिचा आवाज बसला होता. मामांनी आधी तिचं दावं सोडवलं. मग कासरा लांब केला, तिचं तोंड नावेच्या मागच्या टोकाशी घेतलं आणि नाव अगदी सावकाश चालवली. म्हैस पाण्यातलं जनावर, तिला पोहायला शिकवावं लागत नाही. फक्त तिला घाई करायची नसते, आणि गाभण असेल तर अजिबातच नाही. वरच्या रस्त्यावर चढ लागला, तिचे खूर टेकले, तिनं अंग झाडलं. आक्का परतीच्या फेरीत एका शब्दानं न सांगता नावेत येऊन बसली. सोबत घेतलं काय, तर म्हशीचा खुराक ठेवायचं घमेलं.

दुसऱ्या घरी शिंपीचाचा. त्यांना विचारलं तेव्हा कळलं, १२ ऑगस्टला बकरी ईद होती आणि घरात गिऱ्हाइकांची शिवून ठेवलेली कापडं होती. "माझं काय भिजायचं ते भिजू दे. लोकांची कापडं टाकून कसा येऊ? तोंड काय दाखवू?" एक ताडपत्री, दोन दोऱ्या आणि दहा मिनिटं लागली. चाचा गाठोडं मांडीवर घेऊन नावेत बसले.

तिसऱ्या घरात अर्धांगवायू झालेला बाप होता. मुलगा परवा म्हणाला होता, 'आम्ही ठीक आहे.' ठीक काहीच नव्हतं. बापाला चारचौघांसमोर तसं उघडंवाघडं उचलून ट्रॉलीत घालायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पोरांनी दाराची फळी काढली, वर गोधडी अंथरली, अंगावर पांढरी चादर घातली आणि त्या माणसाला त्याच्या इभ्रतीसकट बाहेर काढलं.

चौथ्या घरात बाळंतीण होती, बाळ नऊ दिवसांचं. शाळेच्या एका वर्गात पाच-पाच कुटुंबं, तिथं तिला पाजायला आडोसा कुठला? वरच्या आळीत सेवानिवृत्त नर्सबाई राहत होत्या. त्यांनी निरोप मिळताच आपली आतली खोली मोकळी केली. पाचव्या घराचं दुखणं वेगळंच. ज्या शाळेत न्यायचं तिथं सख्खा भाऊ आधीच जाऊन राहिला होता, आणि बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. त्यांना दुसऱ्या शाळेत सोडलं. त्यात काय अवघड होतं? काहीच नाही. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

नावेत मामा सहाच्या वर माणूस घेईनात. सहाव्या घरातली माणसं घाबरलेली, सगळ्यांना एकदम यायचं होतं. खजिनदारही म्हणाला, "मामा, आणखी तिघं बसतील की. पाणी वाढतंय." मामांनी बांबू आडवा धरला. "बसतील. पण उतरतील का, ते नदी ठरविल. दोन फेऱ्या करू." खजिनदाराला तो हट्ट वाटला. नाव काठाला लागली तेव्हा कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली होती. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला सकाळी माणसं नेणारी बोट उलटली. बायका-पोरं गेली. बोटीत झेपणार नाहीत इतकी माणसं होती. पुराला घाबरलेली माणसं मिळेल त्या बोटीत चढतात, त्यांचं काय चुकलं? काठावर कुणी कुणाशी बोलेना. मामा एकटेच उठले, नावेतलं पाणी डब्यानं उपसून काढलं आणि दुसऱ्या फेरीसाठी बांबू उचलला. त्या दिवशी पुन्हा कुणी त्यांना 'आणखी दोघं घ्या' म्हटलं नाही.

सातवं घर अण्णांचं. नाव तिथं पोचली तेव्हा अण्णा घरात नव्हते. पाणी रेघेवर चढलं त्या रात्री त्यांचा धीर सुटला होता. दिवे गेलेले, सगळीकडं काळोख. शेजारच्या स्लॅबवरून कुणीतरी हात दिला आणि अण्णा कौलांवरून तिकडं गेले. जीव वाचला. मागं गोठ्यात दोन जर्सी गाई होत्या. काळोखात, छातीभर पाण्यात, त्यांची दावी सोडायचं त्यांना सुधरलं नाही.

पाणी उतरायला आठवडा लागला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर गेलं होतं, असा पूर जुन्या माणसांनीही पाहिला नव्हता. ते गेलं तेव्हा मागं चिखल राहिला, भिंतींवर तपकिरी पट्टा राहिला आणि नाकातून न जाणारा वास राहिला. अण्णांच्या गोठ्यात पोरं खोरी घेऊन शिरली. दोन्ही गाई गव्हाणीशी पडलेल्या, दावी ताणून अगदी काठीसारखी झालेली, खुंट जागच्या जागी. खुंट चांगला मजबूत होता. खजिनदार तिथं खाली बसला. त्याला ती सही आठवली. अण्णांच्या अक्षरातली, ठसठशीत. 'माणसं किती' या रकान्यात त्यानं अण्णांपुढे 'एक' लिहिलं होतं आणि ते अगदी बरोबर होतं.

नंतरचे दिवस धावपळीचे गेले. सगळीकडून मदत येत होती. महाराष्ट्र अशा वेळी हात आखडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भाकरी बांधून टेम्पो आले, डॉक्टर आले, कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीसारख्या बचावपथकांची माणसं तर पहिल्यापासून पाण्यात होती. पण शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग छतापर्यंत गेला आणि खराटा मात्र एकही नव्हता. घरात गुडघाभर गाळ असताना माणूस जुनी पँट घेऊन काय करील? खजिनदारानं शहराच्या वेशीवर एक फळा टांगला. रोज सकाळी घरोघर विचारून त्यावर लिहायचा : आज खराटे, खोरी, फिनेल, टीसीएल पावडर, बायकांसाठी पॅड, जनावरांना वैरण आणि पेंड. कपडे नकोत. पहिल्या दिवशी एक टेम्पोवाले रागावून गेले. दुसऱ्या दिवशी तेच टेम्पो भरून वैरण घेऊन आले.

मग एका संध्याकाळी त्यानं नवी वही घेतली आणि चार रकाने आखले. चौथ्यावर लिहिलं, 'कशात अडलंय'.

हे काम पुरात करायचं नसतं. पुरात माणूस खरं सांगत नाही, भोंग्याला तर नाहीच नाही. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्याच्या संध्याकाळी, कट्ट्यावर बसून, चहा घेत विचारायचं असतं. २०२० ला तोंडाला मास्क बांधून, अंगणातूनच त्यानं घरं घेतली. लोक आधी हसले. "वर्गणी न्हाई ना रे?" म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. कुणाच्या नावापुढे 'दोन म्हशी, एक रेडकू'. कुणापुढे 'सासऱ्यांचं ऑक्सिजन मशीन, लाइट पाहिजे'. 'शिलाई मशीन, पाय सुटा करून न्यावा'. 'लेक मतिमंद आहे, गर्दीत ओरडतो, आत्याच्या घरी न्यावं'. 'घराची कागदपत्रं, पत्र्याची पेटी, कॉटखाली'. एका म्हाताऱ्यानं नुसतं 'कुत्रं' सांगितलं आणि मान खाली घातली. खजिनदारानं तेही त्याच सुरेख अक्षरात लिहिलं.

अण्णांच्या घरी तो सर्वांत शेवटी गेला. गोठा झाडून ठेवलेला, रिकामा. अण्णा म्हणाले, "माझं काय अडायचं आता? लिव, काय न्हाई म्हणून." खजिनदाराच्यानं ते लिहवेना. दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले. निघताना अण्णांनीच विचारलं, "ही सगळी जनावरं रात्रीची सोडणार कोण? पोरांना गाठी सुटतात का दाव्याच्या?"

२०२१ च्या २२ जुलैला पावसानं झोडपून काढलं. त्याच दिवशी घाटाखाली चिपळूण बुडालं. पंचगंगा दोन वर्षांपूर्वीपेक्षाही भराभर चढू लागली. या वेळी भोंग्याची वाट पाहिली नाही. २२ च्या रात्रीच चौथा रकाना वाचून पोरांनी कामं वाटून घेतली. मामांना आता नाव चालवणं होत नव्हतं, ते वरच्या रस्त्यावर खुर्ची टाकून बसले आणि येणारी माणसं मोजू लागले. ऑक्सिजन मशीन आधी गेलं, जिथं जनरेटर होता तिथं. शिंपीचाचांचं मशीन पाय सुटे होऊन गेलं. कुत्रं ट्रॉलीत बसून गेलं, कुणी हसलं नाही.

आणि सगळ्यांच्या आधी, रेघेपासून पाणी अजून लांब असताना, हातात बॅटरी आणि कमरेला विळा लावून अण्णा गोठ्यागोठ्यातून फिरत होते. गाठ सुटली तर सोडायची, नाही तर कापायची. एकेक जनावर ते रस्त्याला लावत आणि पोरांच्या हाती देत. कारखान्याच्या आवारातल्या छावणीत वैरण आधीच पोचलेली होती. जनावर पुढं गेलं की मालकाची समजूत काढावी लागली नाही, तो आपणहून मागून चालत आला. २३ तारखेला दिवस मावळला तेव्हा गल्लीत एकाही खुंटाला दावं नव्हतं.

तालमीच्या भिंतीवर आता तीन रेघा आहेत. वही दरवर्षी मे महिन्यात पुन्हा लिहिली जाते, कारण घरात बाळं येतात, म्हातारी जातात, जनावरं विकली जातात. यंदाच्या वहीत कुणापुढेही 'नकार' नाही. आक्काच्या नावापुढे दोन म्हशी आहेत, त्यातली एक त्या पुरातल्या म्हशीचं पारडू. अण्णांच्या नावापुढे दोन वर्षं कोरी राहिलेली जागा आता भरली आहे. तिथं त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलंय : 'एक कालवड. मी सोडीन.'